सुकाणूच्या तोंडातली लापशी

तांड्यात कोणाच्या घरी काय नासलं आहे, हे त्या घरच्या माणसांच्या आधी रुपीबाईला कळतं. दूध नासो, धान्याच्या कोठीमागे उंदीर मरो, की कोणाचा दादला भरदुपारी झोकून येवो, तिचं नाक आधी आक्रसतं आणि मग तोंड सुटतं. पोट्टे तिला पाठीमागे ‘छीबाई’ म्हणतात. तिला ते ठाऊक आहे आणि त्याचं काही वाटतही नाही. छी म्हणण्याजोगं जगात इतकं पडलेलं असताना बाकीचे लोक सुखानं जेवतात तरी कसे, याचंच तिला नवल वाटतं.

ही रुपीबाई नाव चालवते. घाटंजीकडच्या कोरडवाहू मुलखात नाव कुठून आली, असं परक्या माणसाला वाटेल. पण धरण झालं तेव्हा जुना तांडा पाण्याखाली गेला, माणसं टेकाडावर येऊन बसली आणि निम्म्यांची वावरं पाण्याच्या पलीकडे राहिली. रस्त्यानं जायचं तर अर्धा दिवस वळसा घालावा लागतो. पुलाचं भूमिपूजन दोनदा झालं, नारळ फुटले, पेढे वाटले, पूल काही झाला नाही. तेव्हापासून बाया, माणसं, बकऱ्या, खताची पोती, वेचलेला कापूस, सगळं नावेतून जातं आणि नावेतून येतं.

दुपार झाली की धरणावर वारा सुटतो, म्हणून नावेला शीड आहे. आधी ते बारदान शिवून केलेलं होतं. ते फाटल्यावर इंद्रजीतनं आपल्या वाढदिवसाचा फ्लेक्स दिला. इंद्रजीत हा तांड्यातला उगवता पुढारी. कोणाच्याही बारशाला आणि मयतीला सारख्याच उत्साहानं हजर असतो. वारा भरला की फ्लेक्सवरचे त्याचे गाल टम्म फुगतात आणि हात जोडून तो सगळ्या धरणावर फिरतो. रुपीबाईला रोज त्या गालांकडे पाहत नाव न्यावी लागते. एकदा तिनं फ्लेक्सची कोरी बाजू आपल्याकडे करून लावली होती. संध्याकाळी इंद्रजीतची माणसं येऊन तो परत फिरवून गेली.

नावेचं काम ती नवऱ्याकडून शिकली. भावसिंग धरणावरच्या एका म्हाताऱ्या भोयाच्या हाताखाली राहून तयार झाला होता. तो कावीळ होऊन गेला तेव्हा सुकाणूचा दांडा कोणी धरायचा यावर तांड्यात बरीच चर्चा झाली, आणि चर्चा चालू असतानाच रुपीबाईनं नाव सोडली. पलीकडे लोकांची कापसाची पऱ्हाटी फुटून उभी होती, कोणी आडवं आलं नाही. तिचा नियम एकच. तंबाखूचा खर्रा खाणाऱ्यानं पुढच्या टोकाला बसायचं. वारा मागून असतो, पुढून थुंकलं तर थुंकी पुढे जाते. पण तांड्यातल्या गड्यांना नेमकं मागेच बसायला आवडतं. गप्पा मारता मारता मागच्या मागे पिंक टाकली की ती सुकाणूवर पडते. रुपीबाईनं आयुष्यात जितकं लाकूड घासलं आहे, तितकी भांडीही घासली नसतील.

सुकाणू सागाचं आहे. पाण्यात राहणारं रुंद पातं, त्यातून वर आलेला जाड खांब, खांबाच्या डोक्यात खोचलेला दांडा, आणि हे सगळं दोन लोखंडी बिजागऱ्यांवर नावेच्या मागे अडकवलेलं. जुना तांडा बुडाला तेव्हा मरिआईच्या देवळाची चौकट तेवढी लोकांनी काढून आणली होती. त्या सागाचंच भोयानं सुकाणू केलं. धरणावर एवढं जुनं, पक्कं लाकूड दुसरं नव्हतं, त्याचा हिशेब साधा होता. तांड्यानं मात्र त्याला हात जोडले. भावसिंग दर उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की सुकाणू उतरवायचा, मोहाच्या सावलीत आडवं ठेवायचा. उन्हात ठेवलं तर लाकूड तडकतं. नीट वाळलं की खरवडायचं, बारीक भेगांमध्ये राळेत भिजवलेल्या कापसाच्या वाती ठासायच्या आणि वरून कोमट जवसाचं तेल पाजायचं. लाकूड तेल पीत राहतं तोवर पाजायचं. रुपीबाईला त्या तेलाचा वास आवडायचा. तिला आवडणारे वास फार थोडे, त्यात हा होता.

भावसिंग गेल्यावर कधीतरी खांबाच्या डोक्याला, दांडा खोचतात तिथेच, एक तिरका तडा गेला. वातीनं आणि राळेनं बुजला असता. पण एका बाईला त्यात देवीचं उघडं तोंड दिसलं. तिची बकरी हरवली होती. तिनं तोंडाला शेंदूर फासला, आत गुळाचा खडा ठेवला आणि दुसऱ्या दिवशी बकरी सापडली. मग काय विचारता. ज्याचं त्याचं काही ना काही हरवलेलंच असतं. कोणी गूळ घातला, कोणी खोबरं, कोणी नवसाची लापशी बोटानं आत दाबली. गव्हाचा रवा, गूळ आणि तूप. शेंदरावर शेंदूर चढला. शेंदूर संपला की पोट्ट्यांनी भगव्या ऑइल पेंटचा हात मारला. देवी खाते, असं लोक म्हणायचे. सकाळी घातलेलं संध्याकाळी आत गेलेलं असायचं. आत मुंग्या जायच्या, हे रुपीबाई सांगायची. पाण्याच्या हबक्यानं ते सगळं आंबायचं, तडा रुंद व्हायचा आणि लोक म्हणायचे, देवी हसून राहिली.

त्यात नायकानं नियम काढला. हरिसिंग नायक तांड्याचा प्रमुख, त्याचा शब्द मोडायची रीत नाही. देवीला बिजागरीवरून उतरवायचं नाही, असं त्यानं ठरवलं. म्हणजे उन्हाळ्याची सावली गेली, खरवडणं गेलं, तेल गेलं. रुपीबाई रोज सकाळी नाव सोडायच्या आधी बाभळीची काडी घेऊन देवीचे दात घासल्यासारखं ते तोंड कोरून काढायची. काडीला काळा, चिकट, आंबूस लगदा यायचा. तो पाण्यात झटकताना तिला रोज उमासा यायचा आणि रोज ती नायकाच्या सात पिढ्या मनातल्या मनात काढायची.

आषाढात इंद्रजीतनं देवीला पितळी मुखवटा वाहिला. घाटंजीहून घडवून आणलेला पत्रा, मोठे डोळे, नाकात नथ आणि हनुवटीखाली बारीक अक्षरात सौजन्य. तो त्यानं वाजतगाजत खांबाच्या डोक्याला खिळ्यांनी ठोकला. आदल्या दिवशी कोणाचा तरी नवस फिटला होता. तोंडात भरलेली लापशी कोणी काढली नाही. ती तशीच आत बंद झाली.

पंधरवड्यात वास सुरू झाला. आधी आंबलेल्या गुळासारखा गोडसर, मग त्याच्याखालून मेलेल्या जनावराचा. दांडा ओढला की पत्र्याच्या आत काहीतरी पचकायचं आणि दांडा आधी हलायचा, सुकाणू मग. मधला तो ढिलेपणा रुपीबाईच्या तळहाताला कळत होता. रोजच्या वाऱ्याला ती हळूहळू सांभाळून नाव वळवायची. पण श्रावण लागला होता, धरण भरत होतं आणि तीज जवळ आली होती.

तीज हा तांड्यातल्या बिनलग्नाच्या पोरींचा सण. टोपल्यांत गहू पेरायचे, रोज पाणी घालायचं, गाणी म्हणायची आणि शेवटच्या दिवशी वाढलेली ती हिरवी तीज पाण्यात सोडायची. बाकीचे तांडे नाल्यावर, विहिरीवर सोडतात. हा तांडा ती धरणाच्या मधोमध, बुडालेल्या देवळाच्या वर सोडतो, म्हणून त्या दिवशी सगळ्या पोरी एकाच नावेत बसतात. रुपीबाईची लेक पुष्पा त्यातच. पुष्पा घाटंजीला कॉलेजात जाते, लग्न ठरलेलं आहे, तेव्हा तिची ही शेवटची तीज. मधोमध वारा आडवा येतो. तिथे दांडा जोर लावून ओढावाच लागतो, आणि तिथे तो हातात आला तर नाव आडवी होऊन शिडासकट कलंडणार. पोरींपैकी पोहता कोणालाच येत नाही.

रुपीबाई नायकाकडे गेली. हरिसिंग बाजेवर बसून कानात काडी घालत होता.

"नायक, सुकाणू सडलं हाये. दांड्याच्या बुडाशी मऊ लागून राह्यलं. तिजेच्या आधी उतरवू द्या मले."

"श्रावणात देवी हालवत नाई, रुपी."

"देवी कोण हालोते? लाकूड काढतो मी."

"तेच ते झालं."

"मंग पोट्ट्यायले काठावरून सोडू द्या तीज."

"आजलोग कोणती पोट्टी बुडाली? नाव तर तूच चालोतं." नायकानं काडीच्या टोकावरचा मळ न्याहाळला आणि धोतराला पुसला. "काय झालं, ते तरी सांग."

"वास येऊन राह्यला."

नायक हसला. बाजेभोवती बसलेले दोघेतिघेही हसले. "तुले कायचा वास येत नाई, ते सांग आधी," तो म्हणाला.

ती परत निघाली तेव्हा तिला त्या काडीची, त्या धोतराची आणि त्या हसण्याची अशी शिसारी आली की तिनं वाटेतल्या बोरीखाली थुंकून घेतलं. जन्मभर प्रत्येक गोष्टीला छी म्हटल्यावर खऱ्या छी-ला कोण विचारणार, हेही तिच्या ध्यानात आलं. पण त्यात तिचा काय दोष होता? घाण होती म्हणून ती म्हणत होती.

बोलून ऐकत नाहीत तर दाखवावं, असं तिनं ठरवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी नाव काठाला लागली, वावरातून परतलेली माणसं उतरत होती, तेवढ्यात तिनं कमरेचा विळा काढला आणि मुखवट्याचा एक कोपरा उचकटला. आतून काळं पाणी आलं. त्यामागून लापशीचा पांढुरका गोळा घसरला आणि त्या गोळ्यात अळ्या वळवळत होत्या. वास असा सुटला की पुढे उतरलेल्या बायांनी मागे वळून नाकाला पदर लावले. रुपीबाईनं डोळे मिटले आणि त्या घाणीत बोट घातलं. सागाच्या लाकडात तिचं बोट दुसऱ्या पेरापर्यंत गेलं.

"पाहा," ती म्हणाली. "पाहा म्हणतो ना, हे पाहा."

लोकांनी पाहिलं. दोघांना ओकारी झाली. रुपीबाईला वाटलं, सुटलो एकदाचे. तेवढ्यात इंद्रजीत आला. त्यानं रुमाल नाकाला लावून सगळं पाहिलं, रुपीबाईवर तो चिडला नाही, उलट बरं झालं दाखवलं म्हणाला. त्यानं पोट्ट्यांना गोमूत्र आणायला लावलं. तोंड धुतलं, गळकी टाकी बुजवायची करडी पुट्टी आत ठासली, ती सुकल्यावर वरून भगवा रंग दिला आणि पत्रा पहिल्यापेक्षा लांब खिळ्यांनी ठोकला. एकेक खिळा आत जाताना हातोडीचा आवाज टणक येत नव्हता, ओल्या मातीत मारल्यासारखा येत होता. ठोकणाऱ्यालाही तो ऐकू येत असणार.

"आता येते का वास, काकी?" इंद्रजीतनं विचारलं.

एकेक माणूस पुढे येऊन हुंगून गेलं. रंगाचा आणि उदबत्तीचा वास येत होता. लोकांचा त्रास वासापुरता होता. वास गेला, म्हणजे लाकूड बरं झालं. एकीनं तर जाता जाता नव्या रंगाला हात लावून तो कपाळाला लावला. रुपीबाई हातातला विळा पाण्यात खळबळत उभी राहिली. तिला आता अळ्यांची तेवढी किळस वाटत नव्हती जेवढी या माणसांची वाटत होती. अळ्या निदान आपलं खाऊन आपल्या जागी होत्या.

मी नाव चालवत नाही, असं म्हणून मोकळं होणं सोपं होतं. पण मग इंद्रजीतनं फटफटी चालवणाऱ्या एखाद्या पोट्ट्याला दांड्यावर बसवलं असतं आणि त्यानं मधोमध जाऊन तो बिनदिक्कत ओढला असता. पुष्पाला घरात कोंडणंही सोपं होतं. पण बाकीच्या पोरींना ती जन्मल्यापासून पलीकडे नेत-आणत होती. कोणाचं नाक वाहत असायचं, कोण नावेत ओकायची, हे सगळं तिला पाठ होतं. एकीला घरी ठेवून बाकीच्यांना घेऊन जायचं, हा विचारही तिला घाण वाटला.

तिजेच्या दिवशी वारा दुपारच्या आधीच उठला. पोरी टोपल्या डोक्यावर घेऊन गात गात उतरल्या. पुष्पानं आरसे लावलेला नवा घागरा घातला होता आणि टोपलीतली तीज सगळ्यांत उंच तिचीच होती. नावेचा मागचा भाग काठाकडे होता, पातं चिखलात रुतलेलं होतं, दोर खुंटीला बांधलेला होता. पोरी बसल्या. शीड वर गेलं आणि इंद्रजीतचे गाल फुगले. खरा इंद्रजीत काठावर मोबाइल धरून व्हिडिओ काढत होता. नायक पागोटं बांधून उभा होता.

रुपीबाई दांड्यावर बसली. पितळी डोळे तिच्याकडे पाहत होते. तिनं दोन्ही पाय समोरच्या फळीला लावले, दांडा दोन्ही हातांनी धरला आणि अंग मागे टाकलं. मधोमध वारा जेवढं ओढायला लावतो तेवढंच तिनं ओढलं. पहिल्या ओढीला पुट्टी कडकडली. दुसऱ्या ओढीला खांबाचं डोकं मुखवट्यासकट दांड्याबरोबर तिच्या मांडीवर आलं. जास्त जोर लागलाच नाही. पोरी किंचाळल्या, नाव थोडी डुचमळली आणि दोरानं जागच्या जागी थांबली.

तिच्या मांडीवर काळा, भुसभुशीत चिखल पडला होता. त्याला लाकूड म्हणायला लाज वाटावी. पत्र्याच्या खिळ्यांना धरण्यासारखं आत काही उरलंच नव्हतं. रंगाची एक जाड साल होती आणि सालीच्या आत अळ्या होत्या. लुगड्यावरून त्या इकडेतिकडे निघाल्या. ती हलली नाही.

"मोडली," इंद्रजीत म्हणाला. "काकीनं देवी मोडली. सगळ्यायनं पाह्यलं, व्हिडिओत हाये."

हरिसिंग नायक धोतर सावरून पाण्यात उतरला. उरलेल्या खांबाच्या मोडक्या तोंडात त्यानं बोट घातलं. बोट सहज आत गेलं. त्यानं ते नाकाजवळ नेलं, आणि म्हाताऱ्याचा चेहरा रुपीबाईसारखाच आक्रसला. सगळा काठ त्याच्याकडे पाहत होता. रुपीबाईही पाहत होती. सडलं होतं, एवढे दोनच शब्द तिला हवे होते.

नायकानं बोट पाण्यात बुडवून धुतलं. बराच वेळ धुतलं. मग तो लोकांकडे वळला.

"परवा पत्रा उचकटला ना हिनं," तो म्हणाला, "तवा आत हवा लागली. म्हनून सडली देवी."

काठावरून सुटकेचा सुस्कारा आल्यासारखा झाला. हो हो, तेच झालं, असं एकानं म्हटलं, मग सगळ्यांनी म्हटलं. तडा, गूळ, लापशी, खिळे, सगळ्यांचे हात एका क्षणात स्वच्छ झाले. पोरींनी उतरून काठावरच तीज सोडावी, असं नायकानं सांगितलं. आणि रुपीबाईकडे न बघता म्हणाला, "तुया हातात आता सुकाणू नाई. नवं करू, दुसऱ्याले देऊ."

मांडीवरचं डोकं फळीवर ठेवून ती नावेतून उतरली. त्या माणसाचं बोट तिनं पाहिलं होतं, त्याचं तोंड पाहिलं होतं. इतकं कळूनही जो माणूस असं बोलतो, त्याच्याशी बोलायला तोंड उघडायचं म्हणजे आपलंच तोंड विटाळायचं.

पोरी रडत रडत गुडघाभर पाण्यात उतरल्या. टोपल्यांतली माती विरघळली, हिरवी तीज काठाच्या लव्हाळ्यात अडकून राहिली. थोडी तीज पोरी हातात ठेवतात आणि मोठ्यांना देतात. नायकाच्या पागोट्यात तुरा खोचला गेला, इंद्रजीतच्या कानावर खोचला गेला. मोडलेलं डोकं कोणीतरी लाल फडक्यात गुंडाळलं, त्यातून काळं पाणी गळत असताना त्यावर नवा शेंदूर फासला आणि टेकाडावर नवं देऊळ बांधायचं इंद्रजीतनं तिथल्या तिथे जाहीर केलं. बाया वाकून वाकून त्या गाठोड्याला कपाळ लावत होत्या. रुपीबाई दगडावर एकटी बसली होती. हातांना, लुगड्याला तोच वास येत होता आणि समोर ते कपाळं टेकणं.

सगळ्यांच्या शेवटी पुष्पा आली. हातात तिजेची शेवटची जुडी होती.

"याडी, माही शेवटची तीज होती," ती आईला म्हणाली. "तू नासोली."

"हो," रुपीबाई म्हणाली.

"काहून?"

रुपीबाईनं तिच्या तोंडाकडे पाहिलं. सांगितलं असतं तर पोरीला ते पटलंही नसतं, आणि पटलं असतं तर तिला उद्यापासून याच लोकांत राहायचं होतं. "जाय," ती म्हणाली. "बाकीच्या गेल्या."

पुष्पानं जुडी दिली नाही. ती मुठीत धरूनच ती वळली आणि गाणाऱ्या पोरींच्या मागे चढण चढायला लागली. तिचा घागरा गुडघ्यापर्यंत ओला होता. त्याच्या वर तो सगळा कोरडा होता. ती टेकाडाआड होईपर्यंत रुपीबाई तो कोरडा घागरा पाहत बसली, आणि हात धुवायचं तिच्या ध्यानातच राहिलं नाही.